चुंबक चिकटला म्हणजे स्टील नकली? तसं नाहीये

जुने चमचे, वाट्या, झारे जोडून मोर, मासा असलं काही बनवणाऱ्यांना हा फॉरवर्ड हमखास येतो की चुंबक चिकटला तर स्टेनलेस स्टील नकली, गंजणारच, टाकून द्या. शंका येणं साहजिक आहे, लोखंडाला चुंबक चिकटतो हे आपण लहानपणापासून बघतोय. पण स्टील गंजत नाही ते क्रोमियममुळे आणि चुंबकाला क्रोमियम किती आहे ते कळतच नाही. स्टेनलेसचे प्रकार, म्हणजे ग्रेड, आकड्यांनी ओळखतात. त्यातल्या ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल, या निकेलने आतली रचना बदलते म्हणून चुंबक चिकटत नाही. ४३० ग्रेडमध्ये क्रोमियम १६ ते १८ टक्के पण निकेल जवळपास नाहीच, तिथे चिकटतो, तरी ते अस्सल स्टेनलेसच. उलट २०० सिरीजचं स्वस्त स्टील, निकेल कमी, मँगनीज जास्त, त्यालाही चिकटत नाही!

घरी बघा, ३०४ च्या वाटीच्या तळाला चुंबक लावा, मग वळवलेल्या काठाला. काठाला बऱ्याचदा हलकी ओढ लागते, कारण वाकवताना रचना थोडी बदलते, धातू तोच.

गंजाचीच काळजी असेल तर मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस चमच्यावर रात्रभर ठेवा. तांबूस डाग आला तर तो तुकडा बागेतल्या शिल्पात नको, घरातल्या शिल्पात लावा. आणि चुंबक चिकटणारे चमचे तर आवर्जून जपा, ते चुंबकाने बसवले की वेल्डिंगशिवाय मोराची पिसं हवी तशी बदलता येतात.