स्वच्छ वाहन करसवलत (अमेरिका)

नवी विद्युत मोटार घेणाऱ्या अमेरिकी ग्राहकाला प्राप्तिकरात सप्टेंबर २०२५ पर्यंत मिळत असलेली, जास्तीत जास्त ७,५०० डॉलरची सूट. करसंहितेच्या कलम ३०डी खालची ही सूट पूर्वीपासून होती. १६ ऑगस्ट २०२२ रोजी जो बायडेन यांची सही झालेल्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टने तिच्या अटी पार बदलल्या. उत्सर्जन घटवणे, बॅटरी-उद्योग देशात आणणे आणि चीनवरचे अवलंबित्व तोडणे अशी तीन कामे एकाच सुटीवर टाकली गेली. ती एकमेकांच्या आड येत राहिली आणि त्याची झळ आधी लागली ती मित्रराष्ट्रांना.

सही झाली त्याच दिवसापासून गाडीची अंतिम जुळणी उत्तर अमेरिकेत होणे बंधनकारक झाले. दक्षिण कोरियाशी अमेरिकेचा मुक्त व्यापार करार २०१२ पासून लागू आहे. तरीही तेव्हा कोरियात बनणाऱ्या ह्युंदाई आयोनिक ५ आणि किया ईव्ही६ यांची सूट गेली, कारण जुळणीच्या अटीत त्या कराराला काही किंमत नव्हती. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही फरक पडे. फोक्सवागन आयडी.४ जर्मनीतल्या त्स्विकाऊची असेल तर अपात्र, टेनेसीतल्या चॅटनूगाची असेल तर या अटीत बसणारी. ओळखायचे चेसिस क्रमांकावरून: पहिला अंक १, ४ किंवा ५ म्हणजे अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको, अकरावे चिन्ह कारखान्याचे. याखेरीज गाडीची छापील किंमत साध्या मोटारीला ५५,००० आणि एसयूव्ही, पिकअप, व्हॅनला ८०,००० डॉलरच्या आत असावी लागे.

सुटीचे ३,७५० डॉलरचे दोन हिस्से केले होते. एक बॅटरीच्या सुट्या भागांवर: त्यांच्या मूल्यापैकी २०२३ मध्ये ५० टक्के उत्तर अमेरिकेत बनलेले हवे, २०२९ पर्यंत १०० टक्के. दुसरा खनिजांवर: २०२३ मध्ये ४० टक्क्यांपासून २०२७ मध्ये ८० टक्क्यांपर्यंत मूल्य अमेरिकेतले, मुक्त व्यापार करार असलेल्या देशातले किंवा उत्तर अमेरिकेत पुनर्चक्रित केलेले. बॅटरीत १,००० डॉलरची खनिजे असतील, तर २०२५ मध्ये त्यातली ६०० डॉलरची पात्र लागत.

खरी मेख खनिजांच्या हिशेबात होती. उत्खनन किंवा शुद्धीकरण, या दोहोंपैकी एका टप्प्यातली निम्मी मूल्यवृद्धी पात्र देशात झाली की खनिज पात्र धरले जाई. म्हणजे ऑस्ट्रेलियात काढलेले आणि चीनमध्ये शुद्ध केलेले लिथियमही टक्केवारीत चाले. ही फट बुजवायला दुसरी अट होती: चीन, रशिया, उत्तर कोरिया व इराणशी निगडित ‘चिंताजनक परकीय संस्थे’चे सुटे भाग २०२४ पासून आणि खनिजे २०२५ पासून वर्ज्य. इथे टक्केवारी नव्हती. असा एखादा घटक सापडला की पूर्ण सूट रद्द. चीनमध्ये चालणारी प्रक्रिया, मालक कोणीही असो, या व्याख्येत येई. चीनबाहेरच्या कंपनीत मात्र चिनी सरकारचा वाटा २५ टक्क्यांपर्यंत पोहोचला तर ती अडके. जानेवारी २०२४ मध्ये पात्र मॉडेलांची यादी निम्म्याहून खाली आली. ग्रॅफाइटचा माग लावणे तर इतके अवघड ठरले, की मे २०२४ च्या अंतिम नियमांत त्याला २०२६ अखेरपर्यंत मोकळीक द्यावी लागली.

मित्रांची नाराजी दूर करायला कायदा बदलला नाही, त्याचा अर्थ सैल केला. ‘मुक्त व्यापार करार’ म्हणजे काय हे कायद्यात सांगितलेच नव्हते. २८ मार्च २०२३ रोजी जपानशी फक्त लिथियम, निकेल, कोबाल्ट, ग्रॅफाइट व मँगनीज यांपुरता करार झाला आणि अमेरिकी अर्थखात्याने तो मुक्त व्यापार करार म्हणून धरला. अमेरिकी संसदेची मंजुरी न घेतल्याबद्दल तिथल्या सदस्यांनी नाके मुरडली. युरोपीय संघाशी अशीच बोलणी त्याच महिन्यात जाहीर झाली, पण तडीस गेली नाहीत. निकेलसंपन्न इंडोनेशियालाही असा करार हवा होता, तो मिळाला नाही. भारत जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या पुढाकारातल्या खनिज सुरक्षा भागीदारीत आला. तो व्यापार करार नसल्याने या हिशेबात त्याचा उपयोग नव्हता.

सगळ्यात मोठी पळवाट भाडेपट्ट्याची. भाड्याने दिलेल्या गाडीची खरेदीदार भाडेकंपनी असते, म्हणून ती कलम ४५डब्ल्यू या व्यावसायिक वाहनांच्या सुटीत बसते, असा खुलासा डिसेंबर २०२२ अखेर झाला. त्या कलमात जुळणीची, खनिजांची किंवा किमतीची अट नव्हती. कोरियन व युरोपीय गाड्यांना यातून वाट मिळाली. मात्र मिळालेली रक्कम ग्राहकाच्या हप्त्यातून वजा करायचे बंधन भाडेकंपनीवर नव्हते. करारपत्रात ती वेगळी दाखवली आहे का, हे पाहावे लागे. पुरवठा-सुरक्षेच्या दृष्टीने हे भगदाडच, पण कोरियाशी संबंध सावरण्यात जपानसारख्या करारांपेक्षा त्याचाच हातभार मोठा होता.

युरोपने आपला स्वतंत्र मार्ग धरला. मे २०२४ मध्ये लागू झालेल्या क्रिटिकल रॉ मटेरियल्स ॲक्ट या कळीच्या कच्च्या मालाच्या कायद्याने २०३० साठी गरजेच्या १० टक्के उत्खनन, ४० टक्के प्रक्रिया व २५ टक्के पुनर्चक्रण ही उद्दिष्टे ठेवली, आणि संघाबाहेरच्या कोणत्याही एका देशावर ६५ टक्क्यांहून जास्त विसंबायचे नाही असे ठरवले. चीनने मार्च २०२४ मध्ये अमेरिकी सवलतींविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली.

४ जुलै २०२५ च्या कायद्याने ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांची ही सूट बंद झाली, भाडेपट्ट्याची वाटही त्याच तारखेला मिटली. बॅटरी कारखान्यांना उत्पादनावर मिळणारी कलम ४५एक्सची सूट चिनी सहभागावरच्या नव्या निर्बंधांसह चालू राहिली.