बॉर्डरलाइन थायरॉईड

रक्तातला टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारे संप्रेरक) मर्यादेपेक्षा जास्त, पण फ्री टी-४ (त्या ग्रंथीचे रक्तात मोकळे असलेले संप्रेरक) मर्यादेच्या आत, अशा स्थितीला लोक बॉर्डरलाइन थायरॉईड म्हणतात. वैद्यकात तिचे नाव सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम. हे निदान केवळ प्रयोगशाळेच्या कागदावर होते. गळा चाचपून किंवा त्वचा पाहून कोणताही डॉक्टर ते करू शकत नाही. रुग्ण मात्र कागदामुळे क्वचितच येतो. तो थकवा, वाढलेले वजन, गळणारे केस, लांबलेली किंवा जास्त जाणारी पाळी, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे अशा तक्रारी घेऊन येतो, किंवा ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये एक आकडा ठळक छापून आला म्हणून घाबरून येतो. त्या आकड्याचा त्या त्रासाशी खरोखर संबंध आहे का, यावरच उपचारांचा सगळा वाद आहे.

थायरॉईड म्हणजे अवटु ग्रंथी. ती मानेत पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली असते आणि मुख्यतः टी-४ हे संप्रेरक तयार करते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी रक्तातल्या टी-४ वर नजर ठेवते आणि ते जरासे कमी झाले तरी टीएसएच सोडून अवटूला कामाला लावते. हे नाते सरळ प्रमाणाचे नाही. टी-४ निम्म्यावर आले तर टीएसएच अंदाजे शंभरपट चढतो. त्यामुळे टी-४ मधली किरकोळ घट टी-४ च्या चाचणीत दिसतही नाही, पण टीएसएचमध्ये चटकन उमटते. बॉर्डरलाइन अवस्था ही या संवेदनशीलतेतून पुढे आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टीएसएच अचूक मोजता येऊ लागला, त्यापूर्वी हा आजार म्हणून कोणाला माहीतच नव्हता.

टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४.५ मिलिआययू प्रति लिटर. (लॅबच्या कागदावर बहुधा मायक्रोआययू प्रति मिलिलिटर छापलेले असते, आकडा तोच.) ४.५ ते १० ही सौम्य पायरी आणि १० च्या वर गंभीर पायरी मानतात. वरची मर्यादा ठरवण्याची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. निरोगी लोकांचे आकडे घेऊन मधले ९५ टक्के ‘नॉर्मल’ धरले जातात, म्हणजे अडीच टक्के धडधाकट माणसे व्याख्येनेच रेषेच्या वर राहतात. वयाबरोबर टीएसएच वाढतोही. अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ऐंशीच्या पुढच्या लोकांची वरची मर्यादा ७.५ च्या आसपास निघाली. पंचाहत्तरीच्या आजोबांचा ६ आणि तिशीतल्या सुनेचा ६ हे एकाच मापाने मोजणे चूक आहे, तरी लॅबचा कागद दोघांनाही तोच ठळक ठसा मारतो.

एकाच माणसाचा टीएसएचही स्थिर नसतो. मध्यरात्रीनंतर तो सर्वांत जास्त असतो, दुपारी सर्वांत कमी. मोठ्या आजारपणातून उठताना तो काही आठवडे वर राहू शकतो. मनोविकारासाठी दिले जाणारे लिथियम आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी दिले जाणारे अमिओडारोन यांनी तो वाढतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या तर काही यंत्रांवरची चाचणीच बिघडवतात आणि टीएसएच खोटाच कमी दाखवतात. केस गळतात म्हणून तपासणीला आलेल्या माणसाच्या पर्समध्ये नेमक्या याच गोळ्या सापडतात. तपासणीआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवाव्यात. पहिला आकडा जास्त आला तर दोन-तीन महिन्यांनी टीएसएच आणि फ्री टी-४ पुन्हा, व सोबत अँटी-टीपीओ (अवटूवरच उलटणारे) प्रतिपिंड तपासतात. इस्राएलमधल्या मोठ्या लोकसमूहाच्या अभ्यासात, ज्यांचा टीएसएच ५.५ ते १० च्या दरम्यान होता त्यांपैकी ६२ टक्के लोकांचा पुढच्या पाच वर्षांत कोणत्याही औषधाविना मर्यादेत आला. एका रिपोर्टवर जन्मभराची गोळी सुरू करण्याची घाई किती महागात पडते, ते यातून कळावे.

सर्वांत सामान्य कारण हाशिमोटोचा आजार. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यविशारदाने १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या काढलेल्या अवटु ग्रंथींचे वर्णन एका जर्मन नियतकालिकात छापले. त्यांत लसिका पेशींची (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) गर्दी होती. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते, हे कळायला पुढे चार-साडेचार दशके लागली. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह येणे ही त्याची खूण. आजार पुढे सरकेल का, याचे उत्तर देणारा अभ्यास इंग्लंडच्या काउंटी डरहममधल्या व्हिकम भागातला. १९७० च्या दशकात तिथल्या लोकांची तपासणी झाली आणि वीस वर्षांनी पुन्हा पाहिले गेले. टीएसएच वाढलेला आणि प्रतिपिंडही पॉझिटिव्ह, अशा स्त्रियांपैकी दरवर्षी ४.३ टक्क्यांना पूर्ण अल्पक्रियता (टी-४ ही मर्यादेखाली जाणे) झाली; फक्त टीएसएच वाढलेल्यांत हे प्रमाण २.६ टक्के होते. प्रतिपिंड एकदा पॉझिटिव्ह आले की पुन्हापुन्हा तपासण्यात अर्थ नसतो, कारण त्या आकड्याच्या चढउतारावरून उपचार बदलत नाहीत.

त्रास आणि आकडा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २५,००० हून अधिक लोकांना अवटूच्या लक्षणांची यादी देण्यात आली. पूर्ण अल्पक्रियता असलेल्यांना त्या यादीतली सरासरी १६.६ टक्के लक्षणे होती, बॉर्डरलाइन असलेल्यांना १३.७ टक्के आणि ज्यांचा थायरॉईड ठणठणीत होता त्यांना १२.१ टक्के. फरक आहे, पण इतका बारीक की लक्षणांवरून कोण कुठल्या गटातला हे ओळखणे अशक्य. थकवा, सुस्ती, विसराळूपणा, कोरडी त्वचा या तक्रारी इतक्या सर्वसाधारण आहेत की त्या दुसऱ्या पाच कारणांनीही होतात.

भारतात त्यांतले पहिले कारण रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. टीएसएच ६ आणि हिमोग्लोबिन ९ असलेल्या बाईला दम लागतो तेव्हा दोष कुणाचा, हे वेगळे सांगायला नको. तरी गोळी बहुधा थायरॉईडची सुरू होते, कारण त्या नावाची आता घरोघरी ओळख आहे. जीवनसत्त्व बी-१२ आणि डी यांची कमतरता, नैराश्य, झोपेत श्वास अडकणे, रजोनिवृत्ती, अपुरी झोप ही बाकीची कारणे. वजनाबद्दलही गैरसमज मोठा. पूर्ण अल्पक्रियतेतही थायरॉईडमुळे वाढणारे वजन साधारण दोन ते पाच किलो असते आणि त्यातला बराच भाग साठलेले पाणी व मीठ असतो. बॉर्डरलाइन थायरॉईडमुळे पंधरा किलो वाढत नाहीत.

याचा अर्थ त्रास खोटा, असा नाही. घरात ‘थोडंच तर वाढलंय, मनावर घेऊ नकोस’ म्हणणारे आणि ‘सगळं थायरॉईडमुळेच’ म्हणणारे, दोघेही बाईचे म्हणणे अर्धेच ऐकतात. तिचा थकवा खरा असतो. त्याचे कारण मात्र अजून शोधायचे असते.

उपचार

१८९१ मध्ये जॉर्ज मरे या इंग्रज डॉक्टराने मेंढीच्या अवटूचा अर्क टोचून एका बाईचा जीव वाचवला, आणि ती पुढे २८ वर्षे जगली. १९२७ मध्ये टी-४ प्रयोगशाळेत बनवता आले. आजची लेव्होथायरॉक्सिनची गोळी ही शरीरातल्या टी-४ शी तंतोतंत जुळणारी आहे. पूर्ण अल्पक्रियतेत तिला पर्याय नाही. टीएसएच सातत्याने १० च्या वर असेल तरी बहुतेक डॉक्टर ती देतात, कारण या पातळीला हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसतो.

खरा तंटा ४.५ ते १० च्या पट्ट्याचा. २०१७ मध्ये युरोपातल्या चार देशांत ६५ वर्षांवरील ७३७ लोकांवर झालेल्या चाचणीत अर्ध्यांना लेव्होथायरॉक्सिन, अर्ध्यांना औषध नसलेली गोळी दिली. वर्षाअखेर अवटूच्या लक्षणांत दोन्ही गटांत काहीच फरक नव्हता. सुरुवातीला सरासरी ६.४ असलेला टीएसएच औषध न घेणाऱ्यांतही ५.४८ पर्यंत उतरला होता. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने बॉर्डरलाइन प्रौढांना थायरॉईडची गोळी देऊ नये, अशी ठाम शिफारस केली. मात्र गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रिया, टीएसएच २० च्या वर असलेले, तीव्र लक्षणे असलेले आणि अगदी तरुण रुग्ण त्यातून वगळले होते. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेची भूमिका मवाळ आहे: ६५ वर्षांखालच्या, लक्षणे असलेल्या रुग्णाला सहा महिने गोळी देऊन पाहता येते; टीएसएच मर्यादेत येऊनही लक्षणे तीच राहिली, तर ती बंद करण्याचा विचार करावा.

युरोपातली चाचणी वृद्धांची होती आणि त्यांना मुळात फारसा त्रास नव्हता. पस्तिशीतल्या थकलेल्या बाईला ती काही सांगत नाही. अशा वेळी सहा महिने गोळी देऊन पाहणे शहाणपणाचे, पण ती खरी चाचणी ठरायला हवी. कोणता त्रास कमी व्हायला हवा हे आधी लिहून ठेवावे. आपल्याकडे गोळी सुरू होते आणि ती कोणीच बंद करत नाही. काही वर्षांनी मुळात ती कशासाठी होती हे रुग्णालाही आठवत नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त मात्रा निरुपद्रवी नसते, तिने हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होतात. म्हणून सुरुवात २५ ते ५० मायक्रोग्रॅमने, वृद्धांत आणि हृदयरोग्यांत १२.५ किंवा २५ ने करतात. टी-४ रक्तात निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत टीएसएच पुन्हा तपासण्यात पैसे वाया जातात.

गोळी पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-न्याहारी अर्धा ते एक तास थांबवावी. चहाच्या देशात हा अर्धा तास सर्वांत जड जातो. ज्यांना जमत नाही त्यांना रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेता येते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. रक्तक्षयाची आणि थायरॉईडची गोळी एकत्र गिळणाऱ्यांचा टीएसएच म्हणूनच हटत नाही. गोळ्या दमट हवेत खराब होतात, तेव्हा कोकणात आणि पावसाळ्यात त्या मूळ बाटलीतच बंद ठेवाव्यात.

गर्भधारणा हा वेगळा विषय आहे. पहिल्या काही महिन्यांत गर्भाला आईच्याच टी-४ वर भिस्त ठेवावी लागते, म्हणून प्रतिपिंड पॉझिटिव्ह असतील आणि टीएसएच ४ च्या वर असेल तर उपचार करतात. आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीची मात्रा गर्भ राहिल्याचे कळताच साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढवावी लागते. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सतराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू केलेल्या औषधाने मुलांच्या पाचव्या वर्षीच्या बुद्ध्यांकात फरक पडला नाही. अर्थात तोवर पहिली तिमाही निघून गेलेली होती.

भारतात

मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ८.०२ टक्के लोक बॉर्डरलाइन निघाले. अल्पक्रियतेचे एकूण प्रमाण किनाऱ्यावरच्या शहरांपेक्षा आतल्या शहरांत जास्त होते. जुने गलगंड आयोडीनच्या अभावाने होत, म्हणून १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम राबवला गेला आणि २००६ पासून खाण्याचे साधे मीठ आयोडीनयुक्तच विकण्याची सक्ती आहे. उपवासाच्या सैंधवात बहुधा आयोडीन नसते. चातुर्मासात महिनोन्महिने तेवढेच वापरणे बरे नव्हे. जास्त आयोडीन घेतल्याने थायरॉईड सुधारत नाही, समुद्री शेवाळाच्या गोळ्यांनी तर तो बिघडू शकतो. शिजवलेला कोबी-फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. अश्वगंधाने टी-४ वाढल्याची आणि अतिक्रियता झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत, त्यामुळे ती घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे. गोळी न घेणाऱ्याने टीएसएच सहा महिन्यांनी ते वर्षाने, आणि गर्भधारणेचा विचार झाल्यास त्याआधीच, पुन्हा तपासून घ्यावा.