नीट रिपीट की परदेशातलं एमबीबीएस? पैसे भरण्याआधी तपासायचे नियम आणि कागदपत्रं

नीटचा निकाल लागला की आठवड्याभरात आमच्या प्रवेश मार्गदर्शनाच्या टेबलासमोर तीच फाईल उघडते. वर मुलीचं स्कोअरकार्ड, खाली परदेशी प्रवेश करून देणाऱ्या एजंटचं चकचकीत माहितीपत्रक. गेल्या वर्षी एक काका आले होते. मुलगी ओबीसी, २०२५ च्या नीटमध्ये ३८८ गुण. "शनिवारपर्यंत पन्नास हजार भरले तर सीट पक्की म्हणतात. भरू का?"

मी आधी स्कोअरकार्ड बघितलं. परदेशात शिकून भारतात डॉक्टरकी करायची असेल, तर नीट पात्र असणं २०१८ पासून सक्तीचं आहे आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं. पात्र म्हणजे खुल्या वर्गाला ५० पर्सेंटाइल (टक्के नव्हे, परीक्षार्थींतलं स्थान), एससी, एसटी, ओबीसींना ४०. गुणांत सांगायचं तर २०२५ ला खुल्या वर्गाची रेषा १४४ वर होती, ओबीसीची ११३ वर. ३८८ म्हणजे मुलगी निवांत पात्र. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, आरक्षितांना ४० टक्के हवेत आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. "नीट नसली तरी चालते" असं कोणी म्हणालं, तर उठून घरी या.

एजंट एक गोष्ट सहसा सांगत नाही. परदेशी प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षं ग्राह्य धरतात. म्हणजे पात्र मुलीने एक वर्ष रिपीट केलं तरी परदेशाचं दार बंद होत नाही, जुन्या स्कोअरवर पुढच्या वर्षीही जाता येतं. शनिवारची घाई एजंटची असते. पात्रच नसलेल्याला मात्र पर्याय नाही, त्याने पुन्हा परीक्षा द्यायची.

रिपीटला नियमाची आडकाठी काही नाही. वयाची वरची अट २०२२ मध्ये काढली, किती वेळा बसायचं यावरही मर्यादा नाही. फॉर्म साधारण फेब्रुवारीत एनटीएच्या, म्हणजे नीट घेणाऱ्या संस्थेच्या साइटवर निघतो, परीक्षा मेमध्ये. अडचण येते अंदाज बांधताना. ३८८ चे किती वाढतील हे घरात बोलताना गुण धरू नका, रँक धरा. २०२४ ला खुल्या वर्गाची पात्रता १६२ वर होती, पुढच्या वर्षी पेपर कठीण निघाला आणि ती १४४ वर आली. गुण पेपरबरोबर वरखाली होतात. राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या गेल्या वर्षीच्या याद्या काढा, आपल्या प्रवर्गात शेवटची जागा कोणत्या राज्य गुणवत्ता क्रमांकावर गेली ते बघा. अंतर थोडं असेल आणि एखाद्या विषयात मार खाल्ला असेल, तर रिपीट करण्यात अर्थ आहे. दोनदा रिपीट करूनही क्रमांक तिथेच असेल, तर मी तिसऱ्यांदा सुचवत नाही.

काकांना मी आणखी एक विचारलं. उत्पन्न किती? आठ लाखांच्या आत. मग ऐका म्हटलं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅप, म्हणजे सरकारी सामायिक प्रवेश फेरीतून झाला असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी कॉलेजातल्या कॅपच्या जागांनाही ते लागू आहे, अभिमत विद्यापीठांना आणि मॅनेजमेंट कोट्याला नाही. हे धरलं की हिशेब पार बदलतो. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं.

राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून, शिवाय अधिवास दाखला. सोबत नीटचं प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड, दोन्ही गुणपत्रिका, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला. आरक्षणासाठी जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेयर. या वैधतेला, म्हणजे व्हॅलिडिटीला महिने लागतात. रिपीटचं वर्ष घेतलंच आहे, तर पहिल्याच महिन्यात पडताळणी समितीकडे अर्ज टाका. नॉन-क्रिमीलेयरची मुदत बघा, संपली असेल तर नवं काढा. आणि केंद्रीय फेऱ्यांतल्या शेवटच्या, म्हणजे स्ट्रे फेरीत मिळालेली जागा सोडू नका. अनामत जाते, वर एक वर्ष नीटला बसता येत नाही. रिपीटरला हे फार महागात पडतं.

आता परदेश. नियम १८ नोव्हेंबर २०२१ चे आहेत, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे. त्यानंतर प्रवेश घेणाऱ्याचा अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला आणि सगळा एकाच विद्यापीठात हवा. त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत. पदवीनंतर त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी मिळण्याची पात्रता हवी आणि सगळं दहा वर्षांच्या आत. परत आल्यावर परीक्षा, आणि भारतात पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप.

काकांनी माझ्यासमोर एजंटला फोन लावला, स्पीकरवर. इंटर्नशिपचं विचारलं तर उत्तर आलं, "ती इकडे येऊन करतात सगळे." आयोग दोन्हीकडे मागतो, तिकडची वेगळी आणि इकडची वेगळी. हे उत्तर तोंडी घेऊ नका. विद्यापीठाच्या लेटरहेडवर अभ्यासक्रमाचे महिने, माध्यम आणि इंटर्नशिप लिहून मागा. "डब्ल्यूएचओच्या यादीत आहे" म्हणजे आयोगाच्या अटी पूर्ण झाल्या असं होत नाही.

परतल्यावरची परीक्षा म्हणजे एफएमजीई, परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची चाळणी परीक्षा. तिच्या जागी नेक्स्ट ही नवी परीक्षा येणार येणार म्हणून गाजते आहे, पण ती लागू होईपर्यंत हीच. वर्षातून दोनदा, ३०० प्रश्न, पास व्हायला १५० हवेत, निगेटिव्ह मार्किंग नाही. ऐकायला सोपं वाटतं. जून २०२५ च्या सत्रात वीस टक्केही पास झाले नाहीत. म्हणजे जी परीक्षा टाळायला मूल बाहेर जातं, तिची थोरली बहीण सहा वर्षांनी दारात उभी असते. तिकडच्या वॉर्डात रुग्ण रशियन किंवा किर्गिझ बोलतो, आणि ती भाषा न शिकलेल्याचा क्लिनिकल पाया कच्चा राहतो. खर्चात फी, हॉस्टेल एवढंच धरू नका. विमानप्रवास, दरवर्षीचा व्हिसा, परतल्यावरचा क्लास, शिकवणीत जाणारे महिने हेही मांडा. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँक सहसा तारण मागते, तेव्हा सातबारा किंवा घर यावरच बोलणं येतं.

परदेशासाठीच्या कागदांत पासपोर्ट, गुणपत्रिका, स्कोअरकार्ड, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, आणि देश मागेल तसा अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का. पासपोर्टवरचे व्हिसा आणि शिक्के जपून ठेवा, जुना पासपोर्ट फेकू नका. पदवी मिळाली की भारतीय दूतावासाचं साक्षांकन किंवा अपोस्टील तिथूनच करून आणा. आपल्याकडे घोळ होतो तो नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा, कधी मधलं नावच गायब. सहा वर्षांनी एफएमजीईचा फॉर्म भरताना हेच आडवं येतं आणि प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं. त्या मुलीच्या पासपोर्टच्या अर्जात मी पहिल्यांदा तेवढंच दुरुस्त करायला सांगितलं. पासपोर्ट काढून ठेवायला हरकत नव्हती, स्कोअर पुढची दोन वर्षंही चालणार होता. त्याच आठवड्यात काकांनी व्हॅलिडिटीचाही अर्ज टाकला.