गावचं नेट आणि नवजात बाळांचा वॉर्ड: माहिती अधिकारात नेमकं काय आणि कुणाला विचारायचं

ग्रामपंचायतीत भारतनेटचा, म्हणजे गावोगावी इंटरनेट पोचवायच्या केंद्राच्या योजनेचा, डबा भिंतीवर ठोकलेला असतो, त्यावरचा एलओएस लिहिलेला (सिग्नल तुटल्याचं दाखवणारा) दिवा कित्येक महिने लालच, आणि कागदावर मात्र गाव जोडलेलं! दवाखान्यात पण तसंच, नवजात बाळाला ऊब द्यायचा वॉर्मर आहे पण त्यावर चादरींचा गठ्ठा ठेवलेला. पारावर बसून बोलल्याने यातलं काही हलत नाही, लेखी विचारावं लागतं. त्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम २००५ आहे, भारताचा कुठलाही नागरिक अर्ज करू शकतो, त्याच गावचा पाहिजे असं काही नाही आणि माहिती कशाला हवी हे सांगायचं बंधन नाही, कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट आहे, संपर्कापुरतं नाव-पत्ता दिलं की बास.

मी पहिल्यांदा काय केलं, एकाच अर्जात नेट पण विचारलं, बाळांचं पण, वर रस्त्याचं पण घुसवलं. अर्ज परत. चूक माझीच, महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ ला बदल झालाय, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. म्हणून दोन विषय तर दोन अर्ज, पैसे वाचवायला जाऊ नका.

कागदपत्रं म्हणाल तर फार नाहीत. जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात अर्ज (विषय, कालावधी, हवी असलेली माहिती, टपालाने की स्वतः येऊन घेणार), त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही पण त्याचा पुरावा जोडावा लागतो. झेरॉक्सचे पानाला २ रुपये नंतर मागतात. हातात देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय तिथून हलू नका, पुढची सगळी मुदत त्या तारखेवर मोजतात. राज्याचं आरटीआय (माहिती अधिकार) ऑनलाईन पोर्टल पण आहे, पण तुमचं कार्यालय त्या यादीत आहे का ते आधी बघा.

आता कुणाला द्यायचा, खरी गोची इथे आहे. भारतनेटच्या पहिल्या टप्प्यातली गावं बीएसएनएलकडे, दुसऱ्या टप्प्याचं काम आपल्या राज्यात महानेट म्हणून महाआयटीने, म्हणजे राज्य सरकारच्या आयटी कंपनीने, घेतलं. तुमचं गाव कुठल्या टप्प्यात ते ग्रामसेवकालाच विचारा. बीएसएनएल म्हणजे केंद्राचं कार्यालय, तिथे आपला कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावायची. हे माहीत नसल्याने किती अर्ज परत येत असतील देव जाणे. चुकीच्या कार्यालयात गेलाच तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

आरोग्यात पण दोन घरं आहेत. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, म्हणजे वर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालयातला एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा विशेष कक्ष, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या बाजूला. अर्ज देताना ही गल्लत करू नका, महिनाभर फुकट जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, "का" विचारू नका. "नेट का बंद आहे" असं लिहिलं की उत्तर येतं, हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही. कागद मागा. मी नेटसाठी असं लिहितो, "आमच्या ग्रामपंचायतीत बसवलेल्या भारतनेट उपकरणांची यादी व बसवल्याची तारीख, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याची प्रत, मागील १२ महिन्यांत नोंदवलेल्या बिघाडाच्या तक्रारी व दुरुस्तीच्या तारखा, देखभालीपोटी ठेकेदाराला दिलेल्या बिलांच्या प्रती." एवढंच. दाखला 'पूर्ण' म्हणतो आणि तक्रारींची पानं काही वेगळंच सांगतात, हे दोन कागद शेजारी ठेवले की ग्रामसभेत बोलायला फार काही लागत नाही.

बाळांच्या अर्जात आधी आपला हक्क काय ते माहीत पाहिजे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, न्यायची-आणायची गाडी सगळं मोफत, आजारी बाळाला वर्षाचं होईपर्यंत उपचार मोफत. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ बघतात, घरी झालं तर पहिल्या दिवशी पण. घरी येऊन बाळ बघायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी करून दाखवली, मग देशभर गेली, म्हणजे आपल्याच मातीतली गोष्ट. तर विचारायचं काय, महिनावार भेटींची संख्या, आणि आशांना त्याचा मोबदला कोणत्या तारखेला जमा झाला (त्यांच्यावर डूख धरून अर्ज करू नका, बऱ्याचदा पैसे वरच अडकलेले असतात), रेफर केलेल्या बाळांची संख्या, गाडीचं लॉगबुक, वॉर्मरच्या दुरुस्तीची नोंद. आयांची, बाळांची नावं मागू नका, खाजगी माहिती म्हणून नकार येतो, आकडे मागा. एसएनसीयू असेल तर शेवटच्या फायर ऑडिटची प्रत आणि त्यातल्या त्रुटींवर काय केलं तेही मागा, ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात त्या कक्षात आग लागून १० बाळं गेली, त्यानंतर हा कागद मागायला कुणी संकोच करू नये.

मुदत ३० दिवस. जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण तसं खरंच असेल तरच लिहा. ३० दिवस उलटले तर माहिती फुकट द्यावी लागते. उत्तर नाही किंवा गुळमुळीत आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील (राज्याच्या कार्यालयात जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प), ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे जातं आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत निकाल द्यायचा असतो. तरी नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, जोडपत्र 'क', पुन्हा २० रुपये. बीएसएनएलचं असेल तर मात्र केंद्रीय माहिती आयोग. आयोग माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० दंड लावू शकतो, पण तिथे नंबर लागायला वेळ जातो, त्यामुळे पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा, पोच दिलेली प्रत सोबत ठेवा, आणि तिथेच "मूळ रजिस्टर दाखवा, मी पाहून लागतील तेवढी पानं सांगतो" असं म्हणा, कलम २ मध्ये कागद प्रत्यक्ष बघायचा हक्क पण आहे.