जुन्या स्टील फ्रेमचा मागचा चिमटा रुंद करून घेण्याआधी

माळ्यावरची जुनी रेसर सायकल खाली उतरवली, नवं आठ-नऊ गियरचं चाक घेतलं आणि ते मागे बसेना, अशी तक्रार घेऊन बरेच जण आमच्याकडे येतात. दोष चाकाचा नाही आणि फ्रेमचाही नाही. दोन ड्रॉपआउटमधलं, म्हणजे एक्सल ज्या खाचांत बसतो त्यांच्यामधलं आतलं अंतर काळानुसार वाढत गेलं. पाच गियरच्या जुन्या रेसर सायकलींना ते साधारण १२० मि.मी. असे, सहा-सात गियरला १२६ झालं, आणि आठ गियरपासून पुढे रोड सायकलींना १३०. नॉटिंगहॅमच्या जुन्या तीन गियरवाल्या रॅले सायकलींमध्ये तर ११४च्या आसपास भरतं.

१२६च्या फ्रेममध्ये १३०चं चाक हाताने ताणून बसतं, हे खरं. पण चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दोन बाजू, ताणला की दोन्ही ड्रॉपआउट एकमेकांना समांतर राहत नाहीत. नट आवळताच एक्सलवर तिरका दाब येतो. फ्रीव्हीलच्या, म्हणजे गियरच्या चकत्यांचा गठ्ठा आट्यांवर फिरवून बसवलेल्या, जुन्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं, त्यामुळे त्या बाजूचा एक्सल आधाराविना लांब राहतो आणि तिथेच वाकतो किंवा तुटतो. शिवाय दरवेळी पंक्चर काढताना चाकाशी कुस्ती करायची ती वेगळीच.

चिमटा रुंद करताना आम्ही फ्रेम तापवत नाही, थंडच वाकवतो. स्टील स्प्रिंगसारखं मागे येतं, म्हणून चिमटा हव्या मापाच्या बराच पुढे नेऊन सोडावा लागतो. प्रत्येक बाजू वेगळी आणि थोडी थोडी. दोन्ही बाजू एकदम फाकवल्या तर जी नरम असेल तीच जास्त वाकते. चेनव्हीलसाठी (पेडलजवळच्या दातेरी चाकासाठी) दाबलेली उजवी नळी बहुधा तशी निघते. मग दोरीची परीक्षा: एका ड्रॉपआउटपासून निघून हेड ट्यूबला (हँडलखालच्या पुढच्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर पट्टीने मोजायचं. ते सारखं भरलं तरच मागचं चाक पुढच्याच्या रेषेत धावेल. शेवटी ड्रॉपआउट गेजने समांतर करतो आणि डिरेलरचा (चेन एका गियरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) हँगर तपासतो. खरं सांगायचं तर रुंद करणं हे सोपं काम, वेळ जातो तो या शेवटच्या भागात.

अॅल्युमिनियम आणि कार्बनच्या फ्रेम आम्ही घेत नाही, कितीही आग्रह केला तरी. स्टीलमध्येही रेनॉल्ड्स ७५३सारख्या उष्णता-प्रक्रिया केलेल्या पातळ नळ्यांना हात लावत नाही, त्याच कंपनीची ५३१ चालते. ब्रिजच्या (चिमट्याच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या नळीच्या) जोडापाशी गंज किंवा बारीक चीर दिसली तर फ्रेम तशीच परत देऊ. ११४वरून थेट १३५ करून मागाल तर नाहीच म्हणू. जुना रंग जोडाजवळ तडकू शकतो, याची कल्पना असू द्या.

फ्रेम दुर्मीळ असेल आणि मूळ रूपातच ठेवायची असेल, तर उलट उपायही आहे: हबच्या डाव्या बाजूचे वॉशर कमी करून, एक्सल कापून, चाकाचा मध्य नव्याने काढणे. यात उजवीकडचे आरे जास्त ताणले जातात आणि चाक थोडं कमकुवत होतं. शनिवार-रविवारच्या फेरीला ते पुरतं.

येताना फ्रेमबरोबर बसवायचं चाकही आणा. हबचं माप ऐकीव नको, आम्ही लॉकनट ते लॉकनट, म्हणजे ड्रॉपआउटला आतून टेकणाऱ्या दोन नटांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजतो. सायकल जोडलेलीच आणलीत तर खोलण्या-जोडण्याचे पैसे वेगळे.