१९४८ ची रेषा : हॉट रॉड मासिकांच्या मागची गोष्ट

डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रकाशनसमूहाने आपल्या २२ छापील मोटार मासिकांपैकी १९ एका झटक्यात बंद केली. ‘स्ट्रीट रॉडर’ गेलं, ‘कार क्राफ्ट’ गेलं, ‘लोरायडर’ गेलं. उरली तीन : ‘हॉट रॉड’, ‘मोटर ट्रेंड’ आणि ‘फोर व्हीलर’. सगळ्यांनी इंटरनेटकडे बोट दाखवलं. ते खोटं नाही, पण मला त्या यादीकडे बघून वेगळाच प्रश्न पडला होता. इतकी मासिकं मुळात होती कशाला? एकट्या मस्टँगची दोन, शेव्हरोलेचीही दोन, जुन्या ट्रकांचं वेगळं, पिकअपचं वेगळं. प्रत्येकाने आपल्यापुरतं कुंपण घालून घेतलं होतं. त्यातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणारं कुंपण म्हणजे १९४८ साल : त्यानंतरची गाडी ‘स्ट्रीट रॉड’ नव्हे.

हॉट रॉड म्हणजे बॉडीत-इंजिनात बदल करून वेगवान केलेली जुनी गाडी, आणि फ्लॅटहेड म्हणजे जुन्या फोर्डमधलं, वरून सपाट झाकणाचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर धावणाऱ्या पोरांसाठी १९४१ मध्ये ‘थ्रॉटल’ नावाचं मासिक निघालं आणि वर्षभरात महायुद्धाने ते गिळलं. युद्धावरून परतलेल्यांच्या हातात वेल्डिंगचं कसब होतं आणि खिशात थोडे पैसे. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका शस्त्रागार-सभागृहात या गाड्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा ‘हॉट रॉड’चा पहिला अंक बाहेर पायऱ्यांवर विकला गेला. पानं २४, किंमत २५ सेंट.

नावातच धाडस होतं. ‘हॉट रॉड’ हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांत रस्त्यावर शर्यती लावणाऱ्या टोळक्यांसाठी वापरला जायचा, आपल्याकडे ‘बाइकवाली कार्टी’ म्हणतात त्याच सुरात. मासिकाने तीच शिवी मथळ्यावर मिरवली आणि आत मात्र सुरक्षिततेचे, शिस्तीचे धडे दिले. पुढे त्याच्या संपादकानेच ड्रॅग शर्यतींची राष्ट्रीय संघटना उभी केली. मासिकाने खेळ घडवायचा आणि मग त्याचीच बातमी छापायची, ही रीत तिथून पडली. पन्नाशीत छोट्या आकाराच्या मासिकांचं पीक आलं. १९५३ चं ‘रॉड अँड कस्टम’ त्यातलंच. शाळेच्या पुस्तकात लपवून वाचता येईल एवढं ते लहान होतं.

आता मूळ मुद्दा.

साठीच्या उत्तरार्धात मोठी मासिकं कारखान्यातून येणाऱ्या मसल कारच्या मागे लागली. शोरूममध्ये जाऊन चारशे हॉर्सपॉवरची गाडी विकत घेता येत होती, मग गॅरेजमध्ये हात काळे कोण करणार? जुन्या फोर्डवाल्यांना पानं मिळेनात. तेव्हा ‘रॉड अँड कस्टम’च्या मंडळींनी पुढाकार घेतला आणि १९७० च्या उन्हाळ्यात इलिनॉयमधल्या पिओरियात देशभरच्या जुन्या रॉडवाल्यांचा मेळा भरवला. त्याच सुमारास मेळे भरवणारी एक संघटनाही उभी राहिली. तिने व्याख्या केली : १९४८ किंवा त्याआधीची, थोडी आधुनिक केलेली, शर्यतीसाठी नव्हे तर रस्त्यावर मौजेने चालवायची गाडी म्हणजे ‘स्ट्रीट रॉड’. १९४९ ची गाडी आली तर दारातूनच परत.

बरं, १९४८ च का? समर्थक सांगतात ते कारण भक्कम आहे. १९४९ ची फोर्ड ही सर्वस्वी वेगळी गाडी होती. मडगार्ड बॉडीत विरघळले, पायदान गेलं. पुढे-मागे चाळीस वर्षं टिकून असलेले स्प्रिंगचे आडवे पाटे गेले. पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे लांबीच्या दिशेने पाटे आले. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याभोवतीची नळी, म्हणजे टॉर्क ट्यूब, तीही गेली. गाडी एका चौकोनी पेटीसारखी दिसू लागली, म्हणून तिला ‘शूबॉक्स’ म्हणतात. १९३२ ची फोर्ड, म्हणजे ‘ड्यूस’, ज्या रीतीने जमिनीलगत उतरवता येते, पुढचे मडगार्ड काढून उघडी करता येते, ते या गाडीत जमत नाही. मुद्दा कबूल.

पण इंजिनावरून ठरवायचं तर रेषा १९५३ ला पडायला हवी होती, कारण फोर्डचा फ्लॅटहेड व्ही-८ अमेरिकेत त्या वर्षापर्यंत चालू होता. म्हणजे जिच्यात तोच व्ही-८ होता ती १९५० ची फोर्ड बाहेर. आणि १९३७ ची प्लिमथ, जिच्यात व्ही-८ कधी नव्हताच, ती आत. रेषा बॉडीवरून आखली गेली आणि नाव ‘रॉड’ हे, काहींच्या मते, इंजिनावरून पडलेलं. हा घोळ तेव्हाच कुणाच्या लक्षात आला नसेल असं मला वाटत नाही.

खरी गंमत पुढे झाली. रेषेच्या आत शिरायला खऱ्या जुन्या बॉडीची गरजच राहिली नाही. फायबरग्लासची १९३२ ची हुबेहूब बॉडी विकत मिळू लागली. तिच्याखाली नवी चेसिस, पुढे फोर्डच्या मस्टँग-टू गाडीच्या धर्तीचं सस्पेन्शन, बॉनेटखाली शेव्हरोलेचं ३५० घनइंचाचं इंजिन. ते इंजिन इतकं सर्रास झालं की त्याला ‘बेंबी इंजिन’ म्हणू लागले, कारण ते प्रत्येकाला असतंच. म्हणजे १९८५ मध्ये साच्यातून निघालेली, जिच्यातला एकही नट १९४० पूर्वीचा नाही अशी गाडी स्ट्रीट रॉड. आणि गल्लीतल्या काकांची खरीखुरी १९५७ ची शेव्हरोले, इंजिनात स्वतः हात घातलेली, ती नाही. तेवढ्यासाठी या रेषेला मी कधी माफ केलेलं नाही.

मासिकांनी मात्र ती रेषा उचलून धरली. १९७२ मध्ये निघालेलं ‘स्ट्रीट रॉडर’ जवळजवळ तिच्यावरच उभं राहिलं. ते काढणाऱ्याचा सुट्या भागांच्या विक्रीचाही व्यवसाय होता, आणि ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. रेषेच्या आतल्या गाड्या मोजक्या, आकार ठरावीक, म्हणून त्यांचे भाग घाऊक बनवता येतात. भाग बनवणारा जाहिरात देतो. जाहिरातदाराचा भाग बसवून दाखवणारा ‘तांत्रिक लेख’ पुढच्या पानावर येतो. वाचक तो भाग मागवतो. रेषा जितकी घट्ट, तितकं हे चाक सुरळीत फिरतं. सगळे लेख विकाऊ होते असं मी म्हणत नाही, काही लेखांवरून लोक खरंच वेल्डिंग शिकले. पण कोणत्या गाडीबद्दल लेख येणार हे आधीच ठरलेलं असायचं.

माझ्याकडे ऐंशीच्या दशकातला ‘स्ट्रीट रॉडर’चा एक अंक आहे, मुंबईत फाउंटनजवळच्या फुटपाथवर मिळालेला. पिना गंजून मधल्या पानांवर तांबडे डाग पडलेत. मुखपृष्ठावर १९३४ ची पिवळी कूप, म्हणजे दोन दारांची बंद गाडी, छप्पर चार बोटं कापून खाली आणलेलं. मधोमध जाड कागदाचं वाचक-सेवा कार्ड : प्रत्येक जाहिरातीला आकडा, हव्या त्या आकड्याला गोल करून पोस्टात टाकायचं, मग माहितीपत्रक घरी येणार. कुणीतरी निळ्या पेनाने दोन आकड्यांना गोल केलाय. कार्ड मात्र फाडलेलं नाही, तसंच आहे. एक आकडा फायबरग्लास बॉडीचा, दुसरा वातानुकूलन संचाचा. हॉट रॉडमध्ये एसी! पायऱ्यांवर पहिला अंक विकणाऱ्यांना हे दाखवायला हवं होतं.

दरम्यान ‘रॉड अँड कस्टम’, ज्याने हा मेळा सुरू केला, ते स्वतः १९७४ मध्ये बंद पडून ‘हॉट रॉड’मध्ये विरलं. ऐंशीच्या अखेरीस ते पुन्हा निघालं आणि २०१४ मध्ये पुन्हा बंद झालं. त्याच लाटेत ‘पॉप्युलर हॉट रॉडिंग’ही गेलं. मधल्या काळात गुळगुळीत, पेस्टल रंगाच्या गाड्यांचा कंटाळा आलेल्यांनी उलटी वाट धरली : गंजलेली बॉडी, फ्लॅटहेड, काळी चाकं, पन्नाशीतल्यासारखी मांडणी. १९९४ पासून ‘द रॉडर्स जर्नल’ हे त्रैमासिक जाड कागदावर, सुबक छायाचित्रांसह निघालं. त्यात सुट्या भागांपेक्षा इतिहासाला जास्त जागा होती.

रेषाही हलली. दुसऱ्या एका आयोजकाने आपल्या मेळ्यांत १९७२ पर्यंतच्या गाड्या घेतल्या आणि गर्दी खेचली. मूळ संघटनेलाही शेवटी तीस वर्षांहून जुन्या गाड्यांना दार उघडावं लागलं. आता दरवर्षी एकेक साल आपोआप आत येतं. ज्यासाठी एवढी भांडणं झाली, त्याचा निकाल कॅलेंडरने लावला. ‘स्ट्रीट रॉडर’ने तोवर पन्नाशीच्या गाड्या हळूच छापायला सुरुवात केली होती, पण वाचक विभागला गेला होता तो गेलाच.

क्लासिकवाल्यांची कथा वेगळी नाही, म्हणून थोडक्यात. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एका क्लबने ठरावीक सालांतल्या निवडक भारी गाड्यांनाच ‘क्लासिक’ म्हणायचं ठरवलं. ब्रिटनमध्ये १९७३ पासून ‘क्लासिक कार्स’ने तोच शब्द दहा-पंधरा वर्षं जुन्या एमजी स्पोर्ट्स कारलाही लावला. या सगळ्यात शांत राहिलं ते १९५४ चं ‘हेमिंग्ज मोटर न्यूज’ : फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल ए च्या भागांच्या यादीपासून सुरू झालेलं, वर्गीकृत जाहिरातींनी भरलेलं जाडजूड बाड. जाहिरातीचे पैसे भरले की कोणत्याही सालाची गाडी चालते, रेषा नाही. ते अजून छापलं जातं, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

आपल्याकडे अशी मासिकं रद्दीतूनच यायची, आणि रॉड बनवण्याचा तर प्रश्नच नव्हता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल गाडीत करता येणार नाहीत असं सांगितलं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना विंटेज नोंदणी दिली, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं आणि नव्या नोंदणीला २० हजार रुपये. अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. माझ्या अंकावरची पिवळी कूप इथल्या आरटीओत आणली तर तिला व्हीए मिळणार नाही. १९५७ ची न बदललेली शेव्हरोले, जिला पिओरियात दारातून परत पाठवलं असतं, तिला मात्र मिळेल.