पोस्टडॉकला पावसाळे दोनच: नाशिक परिसरात वनस्पती-समुदायांच्या अभ्यासासाठी अर्ज करताना

पाऊस उशिरा आला, मध्येच महिनाभर दडी मारून बसला, उन्हाचा कडाका वाढला, तर पठारावरच्या गवतांचं, तेरड्याचं, कंदवर्गीय झाडांचं आपसातलं प्रमाण कसं बदलतं? या प्रश्नासाठी नाशिक जिल्हा उत्तम आहे. पश्चिमेला त्र्यंबकेश्वर-पेठचा धो धो पाऊस, पूर्वेला येवल्याचा कोरडा माळ, आणि अंतर मोटारीने काही तासांचं. तरीही चांगले प्रस्ताव अडतात, आणि बहुतेकदा विज्ञानामुळे नाही, कागदांमुळे.

आधी फेलोशिप. पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी केंद्राच्या एएनआरएफची (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, पूर्वीची एसईआरबी) नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते आणि आयुष्यात एकदाच मिळते. पीएच.डी. हवी, प्रबंध सादर करून पदवीची वाट पाहणाऱ्यांनाही अर्ज करता येतो, पण विद्यापीठाचं तसं पत्र लागतं. वयाची मर्यादा ३५ वर्षं, आणि वय मोजायचं ते अर्जाच्या अंतिम तारखेला. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना पाच वर्षांची सवलत आहे.

ही सवलत मागताना ओबीसी उमेदवार हमखास अडखळतात. शाळा-कॉलेजात चाललेला जातीचा दाखला राज्याच्या नमुन्यातला असतो. ही योजना केंद्राची, म्हणून दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि नॉन-क्रिमीलेअरसह हवा. तो प्रांत कार्यालयातून निघायला वेळ लागतो, त्यामुळे जाहिरात येण्याआधीच मागून ठेवा. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हा राज्याचा प्रवर्ग आहे, त्याची सवलत इथे नाही. विमुक्त-भटक्या जमातीतल्यांनी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, ते पाहावं.

मार्गदर्शक नियमित पदावर आणि स्वतः पीएच.डी. असलेले हवेत. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक कितीही जाणकार असले तरी चालत नाहीत. संस्थेच्या शिफारसपत्रावर संस्थाप्रमुखांची सही-शिक्का लागतो. विभागप्रमुखांच्या सहीवर भागवू नका.

आता मुख्य अडचण. फेलोशिपची दोन वर्षं रुजू झाल्यापासून मोजली जातात. पठारावरची झाडं मात्र जून ते ऑक्टोबरमध्येच उगवून, फुलून संपतात. जुलैत रुजू झालात आणि जंगलात काम करायचं वनखात्याचं परवानगीपत्र नोव्हेंबरात आलं, तर अर्धा अभ्यास हातचा गेला, आणि एकाच हंगामाच्या नोंदींवरून बदल दाखवता येत नाही. म्हणून परवानगीचा अर्ज फेलोशिपच्या निकालाची वाट न पाहता करावा. इथे खातं मंजुरीपत्र मागतं आणि मंजुरी तर आलेली नसते. यातून वाट अशी: अर्ज तुमच्या नावाने नको, यजमान संस्थेच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या किंवा संचालकांच्या सहीने जाऊ द्या. सोबत सादर केलेला प्रस्ताव जोडा, आणि मंजुरी येताच त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन ते पत्र पाठवा. शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. आवक क्रमांक नसलेल्या अर्जाचा पाठपुरावा कशाच्या आधारे करणार?

अर्ज कोणाकडे, हे जमिनीवर ठरतं. नांदूर मध्यमेश्वर आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्यं आहेत. तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि ते कार्यालय नागपूरला आहे. अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत, अभयारण्यं नव्हेत. तिथला अर्ज कोणाच्या सहीने निघेल, हे संबंधित उपवनसंरक्षकांना लेखी विचारा, कारण तोंडी उत्तर अधिकाऱ्याची बदली झाली की बदलतं. पेठ, सुरगाणा, कळवण या पट्ट्यात सामूहिक वनहक्क (जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा गावाचा कायदेशीर हक्क) मिळालेल्या ग्रामसभा आहेत. वनखात्याचं पत्र असलं तरी तिथे ग्रामसभेला विचारल्याशिवाय एक खुंटीही ठोकू नये. चराईच्या वाटेवर कुंपण घातलंत तर ते उखडलं जाईल, आणि त्यात गावाची चूक नसेल.

सगळ्यात जास्त गैरसमज नमुन्यांबाबत आहे. प्रवेशाची परवानगी म्हणजे नमुने गोळा करण्याची परवानगी नव्हे. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे जंगलातली पानं, फुलं, गवत, शेवाळ हे वनोपज आहे, आणि जमिनीवरची मातीसुद्धा. झाडं मोजण्यासाठी आखलेल्या चौकटीतून दोनशे ग्रॅम माती उचलणार असाल तर तेही अर्जात लिहा: किती ठिकाणांहून, किती खोलीवरून, एकूण किती किलो. ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द दिसला की फाइल परत येते.

अर्जात गोळा करायच्या प्रजातींची यादी मागतात. समुदायाच्या अभ्यासात चौकटीत काय उगवेल हे आधी कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे हा रकाना भरताना बरेच जण थांबतात. जिल्ह्याच्या प्रसिद्ध वनस्पतीसूचीवरून त्या अधिवासातल्या प्रजाती घ्या, आणि खाली स्पष्ट लिहा: न ओळखलेल्या प्रजातीची प्रत्येक ठिकाणी फुलोऱ्यासह एकच फांदी घेऊ; एकाच हंगामात संपणाऱ्या लहान रोपाचा नमुना मुळासकट लागतो, म्हणून तशी फार तर इतकी रोपं घेऊ (इथे नेमका आकडा द्या); कंद खणणार नाही. अंजनेरीवरून २००६ मध्ये वर्णन झालेल्या सेरोपेजिया अंजनेरिका या कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ प्रजातींची फक्त छायाचित्रं घेऊ, असं स्वतःहून लिहा. अर्ज वाचणाऱ्याचा विश्वास बसतो, आणि झाडाच्या दृष्टीनेही तेच योग्य आहे.

पाऊस अडवणारे छत किंवा तापमान वाढवणारे उघड्या तोंडाचे कक्ष लावणार असाल तर ती ‘उपकरणं’ म्हणून एका ओळीत उरकू नका. लांबी-रुंदी, साहित्य, किती महिने राहतील आणि कधी काढून नेणार, हे सगळं हवं. कायमच्या चौकटींसाठी अक्षांश-रेखांश आणि नकाशा द्या. ‘अंजनेरी परिसर’ एवढं लिहिलेलं पुरत नाही. कोपऱ्यांवरच्या लोखंडी खुंट्या टिकत नाहीत, म्हणून जवळच्या न हलणाऱ्या खडकापासूनचं अंतर आणि दिशाही वहीत नोंदवा.

परवानगी बहुतेकदा मर्यादित मुदतीची असते. दुसऱ्या हंगामासाठी प्रगती अहवालासह नूतनीकरणाचा अर्ज फेब्रुवारीतच द्या. पहिल्या पत्रातल्या अटीप्रमाणे अहवाल दिला नसेल तर नूतनीकरण तिथेच अडतं.

परदेशातून परतणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आयकर कायद्याच्या व्याख्येत तुम्ही अजून अनिवासी असाल, तर भारतीय नागरिक असूनही जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३ खाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. सुकलेली पानं डीएनए तपासणीसाठी परदेशी प्रयोगशाळेला पाठवायची असतील तर निवासी संशोधकानेही आधी प्राधिकरणाचे नियम पाहावेत. पाकीट कुरिअरला दिल्यानंतर काही दुरुस्त करता येत नाही.